उभ्या उसात अडकलेला मेसेज

नर्स शबानाताईंनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "चौथ्यांदा पाठवला, साहेब. पोचल्याची खूण येईना की."

उपकेंद्राच्या खाटेवर महादेव होता. पस्तिशीतला शेतकरी. तासाभरापूर्वी नाग चावलेला. पापण्या मिटायला लागल्या होत्या. सर्पदंशाचं इंजेक्शन माढ्याच्या दवाखान्यात. आदल्या दिवशीच्या वादळात मोबाईल टॉवर बंद पडलेला. जीपवाले इस्माईलभाई सात किलोमीटरवर, हमरस्त्याला. महादेवला मान धरवत नव्हती, त्यामुळे मोटरसायकल बाद. त्याच्या भावाला मात्र तिच्यावरून जीप आणायला पिटाळलं होतं. पण रस्ता चिखलाचा. जायलाच अर्धा तास.

मी टेलिफोन खात्यातून रिटायर्ड. गावात मेश रेडिओ मीच बसवला. मेश म्हणजे छोटे रेडिओ डबे. मोबाईलवर मेसेज लिहायचा; एक डबा तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. सिमकार्ड नको, टॉवर नको. आमचे तीन डबे: उपकेंद्रावर, मधे तात्यांच्या पंपाच्या खोलीवर आणि इस्माईलभाईंच्या घरावर. मेसेज अडकतात, या तक्रारीसाठीच मी आलो होतो.

बॅटरी बघितली. अँटेना बघितली. दोन्ही ठीक.

तात्या दारातच उभे होते. "तात्या, मधला डबा चालू आहे का?"

"व्हय की. सकाळीच हिरवा दिवा बगितला. ऊस लई वाढलाय, खोलीच दिसंना. शोदतच गेलो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. डबा बसवला तेव्हा ऊस तुटून गेलेला, रान मोकळं. खोली नऊ फूट. आता ऊस बारा फूट, वर ओला. ओला पाला रेडिओ सिग्नल शोषून घेतो.

बॅगेत एक जादा डबा होता. उपकेंद्रामागची पाण्याची टाकी पन्नास फूट, उसाच्या कितीतरी वर. शिडी चढलो. खाली बघितलंच नाही. बँडेजच्या पट्टीनं डबा कठड्याला बांधला आणि ओरडलो, "पाठवा."

थोड्या वेळानं खालून शबानाताईंचा आवाज आला, "पोचला. 'निघालो' म्हणतायत."

जीप महादेवच्या भावाला वाटेतच भेटली.

महादेव तीन दिवस श्वासाच्या मशीनवर होता. मग चालत घरी आला. पुढच्या भेटीला शबानाताईंनी चहा दिला आणि सहज विचारलं, "तो डबा पंपाच्या खोलीवर बसवायचं कुणी ठरवलं होतं?"

"मीच," म्हटलं.

आता मी टेस्ट उभ्या पिकात घेतो. मोकळ्या रानात सगळंच चालतं.