चिखलासाठी आलेला टँकर

आमच्या साताऱ्याच्या कॉलनीतले लालासाहेब हवालदार फौजेतून निवृत्त झाले, पण त्यांचा राग अजून नोकरीत आहे. भाजीचा गाडा रस्त्याला समांतर उभा नसला तरी त्यांच्या मिशा थरथरतात. काकू सांगतात, "लग्नात अंतरपाट वाकडा धरला म्हणून सख्ख्या मामाला झापलं हुतं ह्यांनी!"

हा माणूस मे महिन्यात शाळकरी कॅडेटांच्या नेतृत्व शिबिरात कवायत शिकवायला गेला. शिबिर माण तालुक्यातल्या एका माळावर. शिबिराचे चालक उदयसिंह आष्ट्याचे; फौजेशी त्यांचा संबंध ठिपक्याठिपक्यांच्या हिरव्या पँटपुरताच. उसाच्या पट्ट्यात वाढलेला माणूस, चिखल कुठंही असतोच असं धरून चाललेला. पत्रकात छापून मोकळा झाला : 'चिखलातून रांगणे'. माणच्या माळावर खड्डा खणला, तर आत नुसता फुफाटा.

शेवटच्या दिवशी पालक येणार, फोटो निघणार. म्हणून आदल्या दिवशी सकाळी टँकर आला. टँकरवाल्या सिकंदरनं पाइप खड्ड्यात सोडला. कुंपणापलीकडं बनुबाई दहा-बारा शेरडं घेऊन उभी होती. तिच्या शेजारचा गावाचा हौद कोरडा ठाक. गावचा टँकर चार दिवस फिरकला नव्हता.

"आवं, ह्यात काय पेरायचं हाय?" तिनं विचारलं.

"पोरं लोळणार हायती, मावशे," सिकंदर खाली बघत म्हणाला.

लालासाहेबांनी ते ऐकलं. एरवी ते चिडले की माळ दणाणायचा. या वेळी आवाज खाली गेला. तो जास्त वाईट.

"उदयसिंह, प्यायला न्हाई आन् लोळायला पायजे?"

"हवालदार, पाणी माझं हाय. तुम्ही लेफ्ट-राइट बघा."

"मग सोडा की!" असं म्हणून लालासाहेब कडक इस्त्रीच्या गणवेशात खड्ड्यात उतरले आणि सावधानमध्ये उभे राहिले. "सोड रं सिकंदर. माझ्या अंगावर सोड."

सिकंदरचा हात चावीवरच राहिला.

"सोड म्हंतो न्हवं!" उदयसिंह ओरडले.

तेवढ्यात त्या दिवसाची टोळीनायिका संयोगिता, नववीतली, कुणालाही न विचारता खड्ड्यात उतरून हवालदारांच्या शेजारी उभी राहिली. मग दोघं आले, मग दहा. बघता बघता साठच्या साठ कॅडेट खड्ड्यात.

सिकंदरनं पाइप गुंडाळला. "एवढ्या लेकरांवर पाणी सोडू व्हय? माझी आई घरात घ्यायची न्हाई मला." त्यानं टँकर वळवला आणि हौदाला लावला. शेरडांनी आधी तोंडं घातली, मग गावाच्या घागरी आल्या.

लालासाहेबांना दुपारच्या एसटीत बसवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी पोरं म्हणे फुफाट्यातच रांगली आणि फोटोत कुणाचं पोर कुठलं ते आयांनाही ओळखू येईना.

मी त्यांना भेटायला गेलो. वाटलं, छाती फुगलेली असेल. कसलं काय! मिशा थरथरतच होत्या.

"त्या उदयसिंहाचा राग आलाय?"

"त्येचा तर हायेच! पर ती पोरं! हुकूम न्हाई, काय न्हाई, उतरली खड्ड्यात. आन् लाइन? गड्या, लाइन लय वाकडी हुती!"

"मग सरळ का नाही करून घेतली?"

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. तिकडंच बघत म्हणाले,

"त्यासाठी तोंडातनं आवाज फुटाय लागतो रं."