चाकाखालचं लिंबू
दसऱ्याला झेंडूचा वास आला की मला बाबांची जीप आठवते. मी परदेशात असताना त्यांची बंद पडलेली जुनी जीप कात्रजच्या एका गॅरेजमध्ये फोनवरूनच नीट करून घेत होतो. प्रत्येक पार्ट ओरिजिनलच हवा, असा माझा हट्ट. बाबा रोज तिथे जाऊन बसायचे आणि व्हिडिओवर मला इंजिनाचा आवाज ऐकवायचे. जीप तयार होऊन घरी आली, तेव्हा म्हणाले, "पहिली चक्कर खडकवासल्याला, तुझ्याबरोबर. मालक आल्याशिवाय मी चाकाखाली लिंबू ठेवणार नाही." मी दिवाळीला येतो म्हटलं, मग मे महिन्यात, मग पुढच्या दसऱ्याला. तोवर ते इंजिन अधूनमधून सुरू करायचे, पण गाडी फाटकाबाहेर काढली नाही. शेवटी एका दसऱ्याला मी आलो. त्यांनी बॉनेटला झेंडूचा हार घातला, लिंबू ठेवलं आणि आत बसायला दाराजवळचा दांडा धरून पाय वर टाकला. चढता येईना. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे. तुला सगळं ओरिजिनल हवं होतं ना? हे गुडघेही ओरिजिनलच आहेत. जा, तू जाऊन ये." लिंबू चिरडून मी निघालो आणि कोपऱ्यावरूनच परत फिरलो. ते फाटकातच उभे होते. "एवढ्यात आलं खडकवासला?" म्हणाले. आता मी पुण्यातच राहतो, बाबा नाहीत. दर दसऱ्याला लिंबू मीच ठेवतो, आणि जीप अजूनही कोपऱ्यापर्यंतच नेतो.