कौशल्येचं जातं

कौशल्येला नवऱ्यानं टाकली, असं आमच्या निघोज्यात कुणीही सांगेल. साफ खोटं आहे. त्यानं तिला टाकली नाही, तिनंही त्याला सोडलं नाही. दिवाळीपर्यंत जरा लांब राहू, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. वाटोळं पुढं झालं.

लग्नात माहेरनं तिला जातं दिलं होतं. ते घेऊन ती पिंपरीला नांदायला गेली. नवरा ज्योतीराम साताऱ्याकडचा, पिंपरीच्या नव्या कारखान्यात छप्पन साली लागलेला. रात्रपाळी करून सकाळी तो आडवा व्हायचा, आणि त्याच खोलीत हिचं जातं घरघरायला लागायचं.

"गिरणीतनं दळून आण की!"

"गिरणीच्या पिठाची भाकरी मला थापता येत न्हाई."

रोज हेच. त्यातून मग त्याची आई निघायची, हिचा भाऊ निघायचा. एके दिवशी त्यानं ताट भिरकावलं, तिनं सगळ्या भाकरी कुत्र्यापुढं टाकल्या, आणि दोघांनाही स्वतःचीच भीती वाटली.

"दिवाळीपातूर माहेरी ऱ्हा. डोकी थंड व्हतील. पाडव्याला मी सोता न्यायला येतो," तो म्हणाला. तिलाही पटलं. परत यायचंच होतं, म्हणून जातं खोलीत ठेवून ती एक बोचकं घेऊन आली.

माहेरी भावजयीचं जातं भलतं जड. कौशल्येच्या तळहातांना फोड आले. आमच्याकडचा कांदा पिंपरीला नेणारे बैलगाडीवाले चांदभाई ही गोष्ट ज्योतीरामला सहज बोलून गेले. गडी हळहळला. खोली शांत झाल्यापासून त्यालाही झोप कुठं लागत होती! त्यानं तिचं जातं उचललं आणि चांदभाईंच्या गाडीत ठेवलं. "म्हनावं, आता हाताला फोड येऊ दिऊ नगं."

इतका शहाणा माणूस, पण एकदा कुणाला विचारायचं तरी!

माहेरनं दिलेली वस्तू माहेराच्या दारात परत आली की सोयरीक संपली, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. त्यात ज्या जात्यावरून भांडण, तेच जातं. चांदभाईंनी निरोप जसाच्या तसा सांगितला. पण तिचा भाऊ लक्ष्मणराव उसळला, "येवढी काळजी हाय, तर सोता का न्हाई आला?" बायका जमल्या, कुजबुजल्या. मीही त्यांच्यातच होते. कौशल्या लालबुंद झाली. तिनं गळ्यातली पोत काढून चांदभाईंच्या हातावर ठेवली.

"त्यास्नी द्या. म्हनावं, जातं पोचलं."

"ताई, दोन दिस थांबा," चांदभाई हात जोडून म्हणत होते. गाडीवाल्याचं ऐकतो कोण!

राग उतरल्यावर ती पस्तावली. तरी पाडव्याचा शब्द होताच. त्या दिवशी तिनं ओवाळणीचं ताट केलं आणि पोतीविना मोकळ्या गळ्यानं उंबऱ्याशी बसून राहिली. आम्ही बायका येता-जाता हसलो. निरांजनातलं तूप संपलं. कुणी आलं नाही.

पुढं चाकणच्या बाजारात चांदभाईंनी तिला सांगितलं. ज्योतीराम त्या दिवशी निघाला होता, पोत खिशात घेऊन. मोशीपर्यंत आला, आमच्या गावाच्या पल्याड इंद्रायणीकाठी बसला, आणि 'जिनं गळ्यातलं काढून दिलं, तिच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ' म्हणत माघारी गेला. नंतर नोकरी सोडून गावी निघून गेला.

 कौशल्या म्हणाली, "दिवाळीत इंद्रायणीला गुडघाभर पानी असतंय, चांदभाई. त्यांला तेवढं वलांडवलं न्हाई, आन् मला घरचा उंबरा."

घरी आली आणि बाजरी घेऊन दळायला बसली. त्याच जात्यावर ती अजून दळते. हाताला फोड मात्र पुन्हा कधी आले नाहीत.