हवेचे चौकोन

परळच्या एका चाळीत मी बिल्डरचा इंजिनीअर म्हणून गेलो होतो. चाळ पाडून तिथे उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीत घराघरांतून वारा कसा खेळेल, याचं रंगीत चित्र पडद्यावर दाखवत होतो. चाळकरी खूश होते. तेवढ्यात अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या एक बाई उठल्या.

"चित्र झकास आहे, साहेब. पण चौकोन बारीक करून पुन्हा गणित चालवलंत का?"

आमचं सॉफ्टवेअर हवेचे चौकोन पाडतं आणि एकेकातला वारा काढतं. चौकोन मोठे ठेवले की उत्तर लवकर येतं, पण ते फसवं असू शकतं. मी ते बारीक केले नव्हते. त्या घरांत मला थोडंच राहायचं होतं!

"काकू, हे कुठे शिकलात?" मी हसून विषय बदलला.

"मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेटवरून. तुम्ही असलंच चित्र आणणार, ठाऊक होतं मला." पदराला हात पुसून त्यांनी लॅपटॉप उघडला. "तुम्हीच वाटलेल्या नकाशावर मी तीनदा चौकोन बारीक केले. आमच्या वाट्याच्या मागच्या खोल्यांत वारा पोचतच नाही. खोटं वाटत असेल तर इथेच, सगळ्यांसमोर करून दाखवा."

मी लॅपटॉपपुढच्या खुर्चीत बसलो आणि चौकोन बारीक करायला घेतले. बाई उभ्याच राहिल्या.