खिडकीतला हात

शिंपीकाका पहिल्यांदा नजरेत भरले ते माप घेता घेता मध्येच मोरीकडे निघून गेले तेव्हा. गिऱ्हाईक आपलं हात वर करून उभंच. काका परत आले, छातीचं माप पुन्हा घेतलं आणि पाच मिनिटांत पुन्हा गेले. चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून विनोद सांगणारा हा माणूस. त्या दिवशी टाचण्या होत्या, विनोद नव्हता.

"वय झालं की प्रोस्टेट वाढते पुरुषांची. त्यात लाजायचं काय?" काकू म्हणायच्या. "दाखवून या ना एकदा."

"पुड्या चालू आहेत माझ्या."

"पुड्या चालू आहेत, बाकी सगळं बंद आहे!"

खोटं नव्हतं ते. चार दिवस लघवी थेंब थेंब होत होती, ओटीपोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. पण काकांचे थोरले भाऊ याच दुखण्याच्या ऑपरेशनला गेले ते घरी परत आले नव्हते. तेव्हापासून हॉस्पिटलचं नाव काढलं की काका मशीन जोरात चालवत.

पुड्या मिळत मागच्या गल्लीत, जडीबुटीवाल्याच्या बंद दारात. दाराला कमरेच्या उंचीवर एक छोटी सरकती खिडकी होती. या दुखण्याला माणूस लाजतो, म्हणून तोंड दाखवायचं नाही आणि बघायचंही नाही, असा त्याचा रिवाज. आपण मान वळवून हात आत घालायचा. आतला हात नाडी धरी, सोडी आणि पुडी ठेवी. भोपळ्याच्या बिया, गोखरू, कसलीशी साल. ओल्या मुळांचा वास घेऊन परत फिरायचं. त्याचे सदरे काकाच शिवत, पण नमुन्याचा सदरा येई आणि नवा जाई. माणूस काही कधी दिसला नाही.

त्या दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. काकांनी हात आत घातला. बोटं नाडीवर आली, गार. एकाएकी पोटात कळ आली, काका वाकले आणि नको तिथे नजर गेली.

अंधारात एक बाही दिसत होती. शिलाई त्यांचीच. कफ साडेनऊचा, जाड मनगटाच्या मापाचा. आता त्या कफात मनगट घंटेच्या लोलकासारखं हलत होतं. सहा इंच, फार तर सव्वासहा. काकांची नजर मापात कधी चुकली नव्हती. माणूस वाळतो, पण हाड आखडत नाही.

हात ओढून घ्यावा तर आतल्या बोटांनी तो घट्ट धरलेला.

"हा सदरा तुमचा नाही," काका कसेबसे म्हणाले.

मग त्या खिडकीतून पहिल्यांदाच आवाज आला. बाईचा.

"त्यांचा आहे. दोन महिने झाले त्यांना जाऊन."

"आणि पुड्या?"

"त्यांनीच करून ठेवलेल्या. लोक येऊन हात घालून उभे राहतात हो, भाऊ. रिकामा कसा पाठवू? बाईचा हात दिसला तर दचकतील, म्हणून सदरा." बोटं सैल झाली. "तुमचा हात तापलाय. त्यांचाही असाच तापायचा. ते याच दुखण्यानं गेले. तुंबून. शेवटपर्यंत हीच पुडी घेत होते."

काकांनी पुडी तिथेच ठेवली. घरी जाऊन म्हणाले, "चल." काकूंनी कुठे म्हणून विचारलं नाही.

हॉस्पिटलात नळी घालताच दीड लिटर लघवी निघाली. मूत्रपिंडांवर सूज आली होती. "पुडीनं बरं वाटत असेलही कुणाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आधी तपासायचं असतं, आजोबा. आणखी दोन दिवस थांबला असतात तर मी काही करू शकले नसते." ऑपरेशन झालं. काका घरी परत आले.

महिन्याभरानं दुकानात एक सदरा आला, सोबत चिठ्ठी: 'कफ माझ्या मापाचे करा. आता मी आधी दवाखान्यात जा म्हणून सांगते, मगच पुडी देते.'

माप लिहिलेलं नव्हतं. काकांना ते विचारावंही लागलं नाही.

हल्ली काका दुपारभर न उठता मशीनवर बसतात आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला जातात.