निळ्या अल्बमची शेपटी

सहलीला जायची लोकांची कारणं बरी असतात. हवापालट, लग्नाचा वाढदिवस, जोडून आलेली सुट्टी. आम्ही कोळवणला गेलो ते एका गाण्याच्या शेवटावरून. माझा दादा आणि त्याचा हॉस्टेलपासूनचा मित्र सुहास, दोघांचंही वय आता पेन्शनचे हिशेब करायचं, पण या गाण्यावरून त्यांनी बोलणं टाकलं होतं.

ज्यांना हार्ड रॉकची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की खाली कमेंटमध्ये हाणामारी सुरू होईल आणि कोळवणचा रस्ता बाजूलाच राहील. आम्ही त्यांना म्हातारे म्हणतो. अजून गातात, गुडघ्याला पट्टे बांधून का होईना. तर या म्हाताऱ्यांनी ऐंशीच्या दशकात एकाएकी केस फुगवले, चमचमत्या पँटी चढवल्या, कीबोर्डवाला आणला आणि निळ्या कव्हरचा एक अल्बम काढला. तेव्हापासून जगात चाहत्यांच्या दोन जाती आहेत. एक म्हणते, इथे म्हाताऱ्यांनी स्वतःला विकलं, तो कीबोर्ड लग्नाच्या ऑर्केस्ट्रात शोभेल. दुसरी म्हणते, यापेक्षा मोठं काही त्यांनी केलंच नाही. तिसरी एक छोटी जात आहे, तिला निळ्यातलं फक्त दुसऱ्या नंबरचं गाणं आवडतं आणि बाकीच्याशी देणंघेणं नाही. त्या जातीत मी एकटीच आहे. दादाच्या मते निळा हा ‘बायकांचा अल्बम’, त्यामुळे माझं मत त्यानं कधी मोजलंच नाही.

दादा पहिल्या जातीचा पुढारी आणि सुहास दुसऱ्या. त्यातही सुहासचा जीव शेवटच्या गाण्यावर. गिटार ऐन वर चढलेली असते आणि गाणं मध्येच तुटतं. खट्, संपलं. सुहास म्हणायचा, एवढं धाडस कुणी केलं नाही. मग आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधल्या एका तरुण मुलीनं लिहिलं, ‘काका, अॅपवर तर ते गाणं पुढे चालू राहतं, शेवटी लहान मुलांचा कोरस आहे.’ सुहास निळा फक्त कॅसेटवर ऐकतो, ते त्याचं व्रत. त्यानं अॅपवर ऐकून बघितलं आणि निकाल दिला की ही शेपटी कंपनीनं नंतर जोडली. दादानं भर ग्रुपवर लिहिलं, ‘अरे, तू इतकी वर्षं टेप संपल्याचा आवाज ऐकतोयस.’ वर हसण्याचे बाहुले. सुहासनं एकच उत्तर दिलं, ‘टेप संपली नव्हती. पुढे कोरी आहे.’ आणि ग्रुप सोडला.

हा पाऊस पडायच्या आधीचा प्रकार. डिसेंबर उजाडला तरी अबोला तसाच. तेवढ्यात कळलं की सुहासनं लवकर निवृत्ती घेतलीय, वाकडचा फ्लॅट भाड्यानं दिलाय आणि तो कायमचा गावी, बार्शीला निघालाय. दादा म्हणाला, ‘जाऊ दे.’ त्या रात्री तो जेवला नाही, असं वहिनीनं मला फोनवर सांगितलं.

मग मी एक कारस्थान केलं. दादाला सांगितलं, सुहासला तुझी माफी मागायचीय. सुहासला सांगितलं, दादाला तुझी माफी मागायचीय. दोघंही उदार मनानं तयार झाले.

शनिवारी सकाळी वाकडहून निघालो. कोळवणला जायचा नेहमीचा रस्ता चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट असा आहे, पण सुट्टीच्या दिवशी भूगावात अडकून पडायची हौस नसेल तर हिंजवडीवरून माण आणि घोटावडे असं जावं. माणपर्यंत डंपर आणि धूळ आहे, काचा वर ठेवा. पुढे शेतं लागतात. गाडी मी चालवत होते. दादा पुढे, सुहास मागे, आणि सुहासच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला त्याचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-कम-टेप. बाळ घेऊन दवाखान्यात निघाल्यासारखा बसला होता. गाडीत दोघंही इतके गोड वागत होते की मला हसू आवरेना. समोरच्याला माफी मागायला सोपं जावं म्हणून प्रत्येकजण वातावरण तयार करत होता.

पौडला मिसळ खाल्ली. तिखट आहे, ताक मागून घ्या. दादा हात धुवायला गेल्यावर सुहास माझ्याकडे झुकला.

‘मंजू, तो कधी सुरू करणार?’

‘जरा धीर धर. लाजतोय.’

सुहास बिल द्यायला गेल्यावर दादा म्हणाला, ‘त्याला बोलायचं असेल तर बोलू दे. मी काही मागचं उकरून काढणार नाही.’

दुकानं पौडलाच आहेत तेव्हा काय हवं ते इथेच घ्यावं. मी टू-इन-वनसाठी टॉर्चमध्ये घालतात तसले मोठे सेल घेतले. दुकानदारानं ते फळीच्या अगदी मागून काढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि विचारलं, ‘शिकारीला चाललाय व्हय?’

पौडहून कोळवणकडे वळलं की रस्ता अरुंद होतो. समोरून एसटी आली तर गाडी आपणच मागे घ्यायची, ड्रायव्हर तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. भात काढून झालेला होता. खाचरं रिकामी, कडेला पेंढ्यांच्या गंजी, आणि मध्येच कुणा शहरातल्याचं फार्महाऊस, उंच भिंत आणि फाटकावर इंग्रजी नाव. समोर तिकोना दिसत राहतो. दादा आणि सुहास दोघंही एकाच वेळी ‘वा!’ म्हणाले आणि लगेच दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघायला लागले.

आम्ही उतरलो ते शांतारामभाऊंकडे. त्यांनी घरामागे दोन खोल्या बांधून भाड्यानं द्यायला ठेवल्यात. खोल्या साध्या आहेत, संडास स्वच्छ, गरम पाणी चुलीवरचं बादलीनं मिळतं. जेवणासकट जे काही घेतात ते पुण्यातल्या एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढंच होतं. जेवण मात्र सुलावहिनी, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, करतात आणि त्यासाठी कुणीही कोळवणला जावं. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि नव्या इंद्रायणीचा भात. नवा तांदूळ थोडा चिकट होतो, पण वास असा की मी तिसऱ्यांदा वाढून घेतला.

जेवण उरकलं आणि सुहासनं अंगणात टू-इन-वन मांडला. लाइट तेवढ्यात गेली.

‘आता सांच्यापातुर न्हाई यायची,’ शांतारामभाऊ म्हणाले. मी विजयी मुद्रेनं सेल काढले.

इथे हॉस्टेलचा एक नियम सांगायला हवा. कराडला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर यांच्याकडे एकच टेप होता आणि ऐकणारे दहा. म्हणून ठरलं होतं, कॅसेटची एक बाजू सुरू झाली की ती संपून बटण आपोआप वर येईपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही. जो बोलेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. हा नियम त्यांनी लग्नानंतरही पाळला. दोघांच्याही बायकांना त्याबद्दल काय वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिली बाजू वाजली. कॅसेटची अवस्था वाईट होती. आवाज मध्येच हेलकावे खायचा, कुठे खरवडल्यासारखा व्हायचा. माझं दुसरं गाणं तर अगदी पाण्यातून आल्यासारखं वाटलं. आता ही फार दिवस टिकत नाही हे सगळ्यांनाच कळत होतं. गायक वरच्या पट्टीत गेला तशा सुलावहिनी दारात आल्या.

‘ह्यो बाबा कवाधरनं रडतुया. कुणी समजूत काढा की त्याची!’

‘अगं रडत न्हाई, गाणं म्हणतोय त्यो,’ शांतारामभाऊ म्हणाले.

‘मग त्याला कुणीतरी पानी द्या.’

नियम असल्यामुळे आम्हाला हसताही येईना. सुहासनं फक्त डोळे मिटून घेतले. मग कॅसेट उलटली. दुसरी बाजू पुढे सरकली आणि ते शेवटचं गाणं आलं. सुहास मान खाली घालून बसला होता. मी दादाकडे बघत होते, त्याच्या तोंडावर नेहमीचा कुचका भाव शोधत. तो नव्हता. दादाचा उजवा अंगठा गुडघ्यावर तयारीत होता. गिटार चढत गेली, चढत गेली, आणि दादानं अंगठा गुडघ्यावर दाबला. त्याच क्षणी टेपमधून आलं, खट्.

पुढे नुसती कोरी टेप. सूं सूं आवाज. चाकं फिरत होती, म्हणजे टेप संपलेली नव्हती, सुहास अगदी खरं बोलत होता. पण माझं लक्ष त्या अंगठ्यावर होतं. मी दादाकडे बघतेय हे दादाला कळलं. तो अंगणातल्या कोंबड्यांकडे बघायला लागला. बाजू अजून चालू होती म्हणून कुणी बोलत नव्हतं.

आणि मग दादाच बोलला. ‘मीच बंद केलं होतं.’

सुहासनं वर बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. नियम म्हणजे नियम. आम्ही तिघं बसून राहिलो, टेप सूं सूं करत राहिला. इतकी लांब दुपार मी आयुष्यात काढली नसेल. सुहासचे डोळे भरून आले होते की तो चिडला होता, मला सांगता येईना. शेवटी बटण वर आलं.

‘चहा तू करायचास,’ सुहास म्हणाला.

दादा उठला आणि सुलावहिनींच्या चुलीपाशी जाऊन बसला. जे काही झालं ते त्यानं चहाच्या पातेल्याकडे बघत सांगितलं. निळा आला त्या वर्षी सुहासला कावीळ झाली होती आणि तो बार्शीला अंथरुणावर होता. दादानं मामेभावाची ओरिजिनल कॅसेट आणून त्याच्यासाठी निळा भरला, एसटीच्या पार्सलनं पाठवायला.

‘शेवटच्या गाण्यात पुढं ती पोरं येतात रे. टाळ्या वाजवत. ला ला ला करत. एवढं चांगलं गाणं आणि त्याचं स्नेहसंमेलन केलं त्यांनी. तू तिकडं पडलेला, ते तुला ऐकवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून जिथं संपायला पाहिजे होतं तिथं दाबलं बटण.’

‘म्हणजे तुला आवडला होता निळा,’ सुहास म्हणाला.

‘तेवढाच. तिथपर्यंत.’

‘आणि इतकी वर्षं मी ज्याला धाडस म्हणतोय...’

‘ते माझं आहे,’ दादा म्हणाला. ‘म्हाताऱ्यांत एवढी अक्कल कुठली!’

सुहासनं दादाच्या पाठीत असा धपाटा घातला की चहाची गाळणी चुलीत पडली. ‘अव्या, गाढवा, ग्रुपवर का नाही सांगितलंस?’ दादा म्हणाला, ‘कसं सांगणार? सगळ्या ग्रुपला कळलं असतं की मी तो इतका मन लावून ऐकलाय.’ चहा धुरकट आणि अतिशय गोड झाला होता. सगळ्यांनी प्यायला. सुलावहिनींनी आपल्यातला अर्धा कोंबड्यांपुढे ओतला.

दुसऱ्या दिवशी पौडला परत येऊन माले गावावरून मुळशी धरणाकडे गेलो. रस्ता चांगला आहे, वळणांवर सांभाळा, मालेच्या पुढे कडेला भाजलेलं कणीस मिळतं. पाणी डिसेंबरात शांत, निळं असतं. मागे दोघांची बडबड चालू होती. सुहास आता मागे एकटा नव्हता, दादा पुढची सीट सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसला होता.

‘पण माफी मागायला एवढा वेळ लावलास,’ सुहास म्हणाला.

‘मी? माफी तर तू मागणार होतास!’

आरशात चार डोळे माझ्यावर. मी म्हणाले, ‘ते बघा, डावीकडे, धरण.’

पुढच्या रविवारी सुहास बार्शीला गेला. या सहलीतून माझ्याकडे काय उरलं म्हणाल तर पाच किलो इंद्रायणी आणि एक हट्टी खोकला, चुलीच्या धुराचा. निळ्या अल्बमबद्दल माझं मत तेच आहे, दुसरं गाणं. पण म्हातारे ग्रेट की भिकार यावर लोक भांडायला लागले की आता मला वाटतं, यांना ती कॅसेट भरून कुणी दिली होती ते आधी विचारावं.

परवा दादाकडे गेले होते. लॅपटॉपवर डोळे बारीक करून बसला होता, कानांवर मोठे हेडफोन. पडद्यावर निळ्याचं शेवटचं गाणं, लाटालाटांच्या आलेखात. शेपटी कापायचं काम चाललं होतं, सुहासची कॅसेट आता वाजतच नाही म्हणून. मी मागे उभी राहिले तरी त्याला कळलं नाही. मग हेडफोन काढून म्हणाला, ‘झालं. अगदी त्याच जागी तोडलंय.’

‘पाठवून दे मग.’

‘पाठवतो. फक्त मधे कीबोर्ड जरा कमी केलाय,’ दादा म्हणाला. ‘त्याला सांगू नकोस.’