दुपारी बाराचा खांब

मीटरने माझी बाजू घेतली होती. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, मग चांगलंच झालं की. मला मात्र ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी लातूरकडची. सातवीत शाळा सुटली. नवरा ट्रक चालवायचा, त्याच्यामागे इकडे गोंदियाकडे, कोहमाऱ्याला आले. नाक्याजवळच्या खोलीत आम्ही दोन वर्षं काढली. एक दिवस तो गाडी घेऊन रायपूरकडे निघाला, तो परतलाच नाही. माहेरी कुणी बोलावलं नाही, मीही गेले नाही. आमगावला एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं, पण खोली मिळेना. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की लोक आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघतात. माझ्यामागे पत्र्याची पेटी होती, तीही रिक्षावाल्याने रस्त्यावर उतरवलेली.

मे महिना होता. पाच घरं फिरून सहाव्या दारात उभी राहिले तर काकू बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाल्या, "पाय पोळून राहिले ना माय तुझे, आत ये आधी." मागच्या अंगाची खोली त्यांनीच दिली. त्यांचे यजमान, ज्यांना मी काकाजी म्हणते, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणत होते, चार दिवस विचार करू. काकू म्हणाल्या, विचार तुम्ही करा, ती तोवर अंघोळ करते. त्या अंघोळीचे उपकार मी विसरलेले नाही. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवावं, कारण मला रागाच्या भरात ते विसरायला होतं.

भाडं लाईट धरून ठरलं होतं. घराला मीटर एकच. माझ्या खोलीत एक बल्ब, एक पंखा आणि मोबाईलचा चार्जर. तीन वर्षं त्यावरून कधी शब्द निघाला नाही. महिन्याला रीडिंग घेणारा यायचा, काकू त्याला पाणी द्यायच्या, तो फोटो काढून जायचा. दाराला कुलूप दिसलं तर तो अंदाजाने आकडा टाकायचा आणि काकाजी मग ऑफिसात भांडून यायचे. ते भांडण त्यांना आवडायचंही.

मग नवीन मीटर आलं. बसवायला दोन तरुण आले, गोंदियाचे असावेत, हिंदीच बोलत होते. त्यातला एक काकूंना म्हणाला, "आंटीजी, अब सब मोबाईल में दिखेगा. और दिन में चलाओगे तो सस्ता पड़ेगा." काकूंनी दोनदा विचारून घेतलं, दिन में म्हणजे केव्हा. तो म्हणाला, सकाळ झाल्यापासून संध्याकाळ व्हायच्या आत. काकूंनी मान हलवली. मी तिथेच लसूण सोलत होते. त्या मान हलवण्यात काही असेल असं मला वाटलं नाही.

खरं सांगायचं तर मीटर वाईट नव्हतं. अंदाजाचे आकडे बंद झाले. ऑफिसात चकरा मारायच्या राहिल्या. काकाजींना त्यांच्या मोबाईलवर प्रत्येक तासाचा खांब दिसायचा, कालच्या दिवसाचे चोवीस खांब, कमी वापराला बुटका, जास्तीला उंच. मास्तर माणूस, त्यांना हजेरीपट परत मिळाल्यासारखं झालं. सकाळी चहाच्या आधी ते खांब बघायचे आणि मग घराची चौकशी सुरू व्हायची. काल सातला काय लावलं होतं? मिक्सर इतका वेळ काऊन फिरला? काकूंचा पाणी तापवायचा रॉड त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाटावर टाकला. रॉड लावला की मीटर पळते, गॅसवर तापवा म्हणाले. काकूंच्या पायांना सूज असायची, त्या रोज सकाळी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायच्या. त्यांच्याने गॅसवरचं जड पातेलं उचलवत नसे. ते बसणं बंद झालं, असं काकाजींना आणि मला वाटलं.

मी मोबाईल वसतिगृहात चार्ज करू लागले. पंखा दोनवरून एकवर आणला. कुणी सांगितलं नव्हतं. भीती होती, खोली जाण्याची. ती माझ्या अंगात नेहमीच असते.

थंडीच्या तोंडावर काकाजींना बाराचा खांब दिसला. जवळजवळ रोज दुपारी अकरा ते बाराच्या मध्ये एक उंच खांब. ते स्वतः दहाला शेतावर जायचे, दोनला यायचे. मी नऊला कामावर जाते, दोनला येते. पण वसतिगृह दहा मिनिटांवर. काकूंना न विचारताच त्यांनी हिशोब लावला की मी मधेच येते, कॉइलची शेगडी पेटवते आणि बाहेरच्या डब्यांचा स्वयंपाक करते.

एका संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. "बुरा नको मानू, पण जरा पाहू दे," म्हणाले. मी बाजूला झाले. त्यांनी खाटेखाली वाकून बघितलं. मग पेटी उघडायला सांगितली. पेटीत माझे कपडे होते, आईचं एक लुगडं होतं, सातवीची मार्कशीट होती. काकू त्यांच्या मागे दारात उभ्या होत्या. काकाजींनी लुगड्याखाली हात घातला. शेगडी नाही म्हटल्यावर ते म्हणाले की वस्तू लपवायला जागा काय कमी असतात, आणि महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघ.

तीन वर्षं त्यांच्या अंगणात मी सडा टाकला होता. त्यांना ताप आला तेव्हा वसतिगृहाची सुट्टी घेऊन उशाशी बसले होते. आणि एका खांबाने ते सगळं पुसलं.

त्या शनिवारी रात्री मी विचार करत पडले होते आणि एकदम सुचलं. सोमवारी सकाळी, कामावर जायच्या आधी, मी काकाजींच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"रविवारी मी दिवसभर घरी असते," मी म्हणाले. "कालचा खांब दाखवा."

त्यांनी मोबाईल काढला. रविवारी बाराला खांब नव्हता. मी मागचा रविवार दाखवायला सांगितला, त्याच्या मागचा. नव्हता. माझ्या नाही, पण त्यांच्या लक्षात आलं की रविवारी तेही घरी असतात. ते हळूहळू मागे वळले. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही, खडे वेचत राहिल्या.

"माह्या पायाचा हाये तो खांब," त्या म्हणाल्या.

कपाटावरचा रॉड त्या स्टुलावर चढून काढायच्या आणि काकाजी यायच्या आत परत ठेवायच्या. सुजल्या पायांनी. दिवसाची लाईट सस्ती म्हणून सकाळचं पाणी त्यांनी दुपारवर नेलं होतं. आणि सस्तीची लाईट वेगळी, राशनच्या तांदळासारखी वेगळ्या खात्यावर, ती मोबाईलमध्ये येतच नसणार, असं त्यांनी धरलं होतं.

काकाजी बायकोला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "चला, क्लिअर झालं. पाहिलं? मीटर खोटं नाही बोलत." आणि चहा प्यायला बसले. पेटीबद्दल एक शब्द नाही. खोली सोडायचं राहिलं, हेही त्यांनी सांगितलं नाही, मी समजून घ्यायचं होतं. मी तीन वर्षं त्यांच्याशी खरं तेच बोलत होते, ते मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं.

पण जास्त राग काकूंचा आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवर मीच विषय काढला. म्हटलं, पेटी उघडली तेव्हा तुम्ही दारात होत्या. त्या हो म्हणाल्या.

"मग बोलल्या का नाहीत?"

त्यांनी बादली कठड्यावर टेकवली. "तुले दुसरी खोली भेटली असती माय, आज नाही त उद्या. मले या वयात दुसरं घर कोन देते?"

खोली मिळणं किती अवघड ते त्यांना माहीत होतं, त्यांनीच तर माझे पोळलेले पाय बघितले होते. तरी त्या म्हणाल्या त्यात खोटं काही नव्हतं. काकाजींचा फोन, काकाजींचं मीटर, घरही काकाजींच्या नावावर. काकूंच्या नावावर तो एक खांब होता, आणि तो मी दाखवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून रॉड कपाटावरून कुठे गेला ते दिसलं नाही. काकू भिंतीला धरून चालू लागल्या.

वसतिगृहात भांडी धुवायचं पाणी मोठ्या चुलीवर, लाकडावर तापतं. मी वॉर्डनबाईंना विचारून रोज निघताना दुधाच्या कॅनमध्ये उकळतं पाणी भरते, वरून गोणपाट गुंडाळते आणि भराभर चालत येते. तरी थोडं निवतंच. काकू घमेल्यात पाय सोडतात, डोळे मिटतात.

पहिल्या दिवशी काकाजींनी विचारलं, हे पाणी कुठलं. मी म्हटलं, चुलीचं आहे, याला खांब नाही. त्यांनी मान डोलावली. बाराचा खांब गेल्याचं ते शेजाऱ्यांना सांगतात, आपण घर कसं शिस्तीत आणलं म्हणून.

मी या घरात आहे ती काकूंमुळे, हे खरं आहे आणि ते मी मानते. पण दोन वाजता ओसरीवर काकाजी मोबाईल घेऊन बसलेले असतात तेव्हा ती कॅन मी त्यांच्या पुढ्यातच ठेवते, जरा जोरात.